मांजरीचे ऑपरेशन : एकदाचा खर्च की दरसालचा?

आमच्या वस्त्यांमधून मांजर नाही असा मजला सापडणे कठीण. चाळ असो, झोपडपट्टी असो की पुनर्विकासाच्या इमारतीतली नवी खोली असो. जिथे उंदीर तिथे मांजर, आणि जिथे मांजर तिथे पिल्ले. आमच्याकडे मांजर सहसा कोणी विकत आणत नाही. ती आपणहून येते, दाराशी बसते, पोरे तिला बशीत काहीतरी घालतात आणि आठवड्याभरात तिचे नाव पडते. त्या दिवसापासून ती घरची होते. पण ती घरची झाली म्हणजे तिच्या बाळंतपणाचा प्रश्नही घरचा झाला, हे मात्र कोणी मनावर घेत नाही.

मांजरीच्या ऑपरेशनवर लिहायचे म्हटल्यावर काही वाचक हसतील. माणसाच्या औषधपाण्याला पैसे पुरत नाहीत, तिथे मांजरीच्या ऑपरेशनला कुठून आणायचे, असे विचारतील. हा प्रश्न खोटा नाही आणि त्याला हसून उडवून लावण्याचा अधिकार आम्हाला नाही. रोजावर जाणाऱ्या माणसाने शंभर रुपये खर्च करतानाही विचार केला पाहिजे. म्हणूनच हा विषय आम्ही हिशोबाचा म्हणून घेतला आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ऑपरेशन महाग की स्वस्त हे ठरवण्याआधी ऑपरेशन न केल्याचा खर्च किती, तोही मांडून पाहावा. तो खर्च आपल्या घरात होतच असतो. फक्त त्याची पावती मिळत नाही.

न केलेल्या ऑपरेशनचा खर्च

मांजर साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. काही तर चौथ्या महिन्यातच येतात, म्हणजे आपल्या लेखी ती अजून पिल्लूच असते. माजावर आलेली मांजर रात्ररात्र ओरडते, जमिनीवर लोळते, खाणे टाकते. गल्लीतले बोके दाराशी जमतात आणि मारामाऱ्या करतात. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या माणसाची झोप जाते. गाभण राहिली की त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांत ती विते. एका वेताला बहुधा तीन ते पाच पिल्ले. ती पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाले की मांजरींचा माज काही महिने थांबतो. आपल्याकडे तेवढा फरक पडत नाही, त्यामुळे जवळजवळ बारा महिने हे चालू राहते. वर्षाला दोन वेते सहज होतात, तिसरेही होते. बाईची पाळी जशी एका वयानंतर जाते तसे मांजरीचे नाही. म्हातारपणी पिल्ले कमी होतात, पण ती गाभण राहतेच.

आता आकडे मांडू. समजा वर्षाला दोन वेते आणि चार-चार पिल्ले धरली, तर एका मांजरीची वर्षाला आठ पिल्ले झाली. त्यांत चार माद्या धरा आणि त्यांतल्या दोनच जगल्या असे धरा. तरी पुढच्या वर्षी तुमच्या दाराशी विणाऱ्या मांजरी तीन झाल्या. काही पत्रकांवर असे छापलेले असते की एका मांजरीपासून थोड्याच वर्षांत लाखो मांजरे होतात. आम्ही त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण बरीचशी पिल्ले मरतात. पावसात मरतात, रिक्षाखाली येतात, कुत्र्याच्या तोंडी जातात, जुलाबाने जातात. म्हणजे मांजरांची संख्या आवरण्याचे जे काम डॉक्टरने करायचे, ते आज मरण करीत आहे. हे एकदा नीट समजून घेतले की पुढच्या गोष्टी समजायला सोप्या जातात.

पैशाचा हिशोब करू. समजा एका वेतातली पिल्ले आणि त्यांची आई मिळून रोज वीस रुपयांची मच्छी आणि दूध लागले. दोन महिन्यांचे बाराशे रुपये झाले. वर्षात दोन वेते, म्हणजे चोवीसशे. पाच वर्षांचे बारा हजार. यात आजारी पिल्लाला डॉक्टरकडे नेल्याचे पैसे नाहीत. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गाईम्हशीचे दूध पिल्लांना पचत नाही, त्याने जुलाब होतात. म्हणजे ज्या दुधावर आपण पैसे घालतो त्यानेच पिल्लू आजारी पडते. आणि हे सगळे निस्तरते कोण? घरातली बाई. नळाचे पाणी भरून, डबा करून, कामावरून येऊन वर पिल्लांची घाण काढणारी तीच असते. तिच्या कष्टाची किंमत तर आम्ही या हिशोबात धरलेलीच नाही.

पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. शेजारी कुरकुर करतात. एखादे पिल्लू कोणी नेते. बाकीची पिशवीत घालून मच्छी मार्केटजवळ नाहीतर नाल्याच्या पलीकडे सोडून येतात. हे काम बहुतेक घरांत वाढत्या वयाच्या मुलाला सांगितले जाते. 'जा रे, सोडून ये.' ज्या पिल्लाला त्याने महिनाभर मांडीवर घेतले, तेच त्याने पिशवीतून नेऊन टाकायचे. आम्ही त्याला घरी शिकवतो की दुबळ्याला मदत करावी, आणि आमच्याच घरात तो हे शिकतो की नकोसे झाले की टाकून द्यावे. या शिकवणुकीची किंमत कोणत्या वहीत लिहायची?

शिवाय हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात, उपासमारीने किंवा तहानेने त्याला वेदना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे गुन्हा ठरवलेले आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. दंड लहान म्हणून गोष्ट लहान होत नाही.

बिलात काय काय असते

आता ऑपरेशनच्या खर्चाकडे वळू. मुंबई-पुण्यासारख्या शहरात खाजगी दवाखान्यात मादीच्या ऑपरेशनला काही हजार रुपये पडतात. आकडा दवाखान्यागणिक वेगळा असतो. तो ऐकून माणूस परत फिरतो. पण एवढे पैसे कशाचे, हे कळले तर कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत तेही कळेल.

मादीचे ऑपरेशन हे पोटाचे ऑपरेशन आहे. पूर्ण भूल देऊन पोट उघडतात, बीजांडे आणि बहुधा गर्भाशयही काढतात, मग आतून-बाहेरून टाके घालतात. भुलीचे औषध, निर्जंतुक केलेली हत्यारे, मदतनीस, टाक्यांचा धागा, वेदना कमी करणारे इंजेक्शन, बाईच्या पोटाच्या ऑपरेशनला जे जे लागते ते सर्व इथे लागते. बोक्याचे ऑपरेशन त्यामानाने लहान असते. बाहेरच्या बाजूने छोटी चीर देऊन अंड काढतात, पुष्कळदा टाकाही लागत नाही. म्हणून बोक्याचे पैसे कमी.

मांजर लहान असताना ऑपरेशन केले तर ते सोपे जाते. माजावर असताना किंवा गाभण असताना केले तर आतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, वेळ जास्त लागतो, धोका वाढतो आणि बिलही वाढते. म्हणजे उशीर केल्याने पैसे वाचत नाहीत, वाढतात. पूर्वी सहा महिन्यांनंतर करावे असे सांगत. आता पुष्कळ पशुवैद्य पाच महिन्यांच्या आतच करून घ्या असे सांगतात, म्हणजे पहिला माजही टळतो. 'एक वेत होऊ द्या, मग करू,' असे आमच्या बायका हमखास म्हणतात. पहिल्या वेताने मांजरीच्या प्रकृतीला काही फायदा होतो याला आधार नाही. उलट लवकर ऑपरेशन झालेल्या मांजरीला स्तनाच्या गाठी होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. गर्भाशयात पू होण्याचा एक आजार मांजरींना होतो. तो झाला की तातडीने तेच ऑपरेशन करावे लागते, पण तेव्हा मांजर तापाने फणफणलेली असते आणि बिल कितीतरी मोठे असते. नाही केले तर ती मरते.

दवाखान्यात भाव विचारताना फक्त 'ऑपरेशनचे किती?' असे विचारून उठू नये. हे विचारावे : या आकड्यात भूल, औषधे आणि टाके काढणे धरले आहे का? रक्त तपासणी वेगळी आहे का? मांजर गाभण निघाली तर किती वाढतील? रात्री ठेवून घेणार की संध्याकाळी घरी देणार? गळ्यात घालायचा पट्टा दवाखाना देतो की बाहेरून घ्यायचा? घरी नेल्यावर रक्त आले तर कोणाला गाठायचे? हे सर्व विचारणे हा आपला हक्क आहे. अंगावरचे कपडे साधे आहेत म्हणून प्रश्न विचारायला लाजू नये. जाण्यायेण्याची रिक्षा आणि बुडालेला रोज हाही खर्चच आहे. म्हणून शक्य तर सुट्टीच्या दिवशी होईल का तेही विचारून घ्यावे.

कमी पैशात कुठे

खाजगी दवाखाना हाच एक रस्ता नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. गिरणगावातली जुनी माणसे त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात. परळलाच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. माणसांच्या मेडिकल कॉलेजला जसे रुग्णालय जोडलेले असते, तसे यांनाही चिकित्सालय असते आणि तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम चालते. जिल्ह्याच्या गावी शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. सरकारी दवाखान्यांत मुख्य काम गाईम्हशींचे, त्यामुळे मांजरीचे ऑपरेशन होते की नाही आणि कोणत्या दिवशी, हे आधी जाऊन विचारावे लागते. एक फेरी फुकट गेली तरी चालेल, पण विचारावे.

दुसरा रस्ता प्राणीमित्र संस्थांचा. या संस्था देणग्यांवर चालतात, म्हणून त्यांचा दर कमी असतो. रस्त्यावरच्या मांजरांचे त्या पुष्कळदा फुकटही करतात. मुंबई महापालिकेनेही भटक्या मांजरांची नसबंदी अशा संस्थांमार्फत करून घेतलेली आहे. आता आमच्या चाळीतली मांजर पाळीव की भटकी? दिवसा चौथ्या खोलीत, रात्री जिन्याखाली, जेवायला सगळ्यांकडे. अशी मांजर कोणा एकाची नसते. संस्थेला तसेच खरे सांगावे. अशा मांजरीच्या कानाचे टोक भुलीतच थोडे कापतात. तिचे ऑपरेशन झाले आहे हे लांबून कळावे आणि कोणी तिला पुन्हा पकडून नेऊ नये, यासाठी ती खूण असते. कान कापलेली मांजर दिसली तर कोणी छळले असे समजू नये.

पैसे एकाच ऑपरेशनपुरते असतील तर आधी मादीचे करावे. बोक्याचे स्वस्त म्हणून पुष्कळ जण तिथून सुरुवात करतात. बोक्याचे केले तर त्याची मारामारी, घरात उग्र वासाचे मुतणे, रात्रभर भटकणे कमी होते, हा फायदा खरा. पण मादी मोकळी असेल तर शेजारच्या गल्लीतला दुसरा बोका येतोच. पिल्ले थांबवायची असतील तर मादीचेच ऑपरेशन झाले पाहिजे.

स्वस्ताई कुठे करू नये

पैसे वाचवण्यासाठी काही जण बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्या मांजरीला घालतात. हे कदापि करू नये. अशा संप्रेरकांच्या औषधांनी गर्भाशयात पू होणे आणि स्तनात गाठी होणे यांचा धोका वाढतो. म्हणजे दहा-वीस रुपयांची गोळी पुढे हजारोंचे दुखणे आणते. तसेच, 'घरी येऊन स्वस्तात करून देतो,' म्हणणाऱ्या कोणाच्या हाती मांजर देऊ नये. जनावरांवर इलाज करणाऱ्यांची नोंदणी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे होते. ऑपरेशन नोंदणी असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. संस्थेचा दर कमी असतो तो देणगीमुळे. भोंदूचा दर कमी असतो, कारण तो भूल आणि स्वच्छता यांतच काटछाट करतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऑपरेशनच्या आधी मांजरीला उपाशी ठेवावे लागते. मोठ्या मांजरीला बहुधा आदल्या रात्रीपासून, लहान पिल्लाला कमी वेळ. किती तास आणि पाणी केव्हा बंद करायचे, हे डॉक्टर सांगतील तसेच करावे. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. म्हणून त्या रात्री मांजर घरातच बंद ठेवावी, नाहीतर ती शेजारच्या काकूंकडे जाऊन मासळी खाऊन येईल. नेण्यासाठी महागडा पिंजरा नको. भाजीच्या प्लॅस्टिकच्या दोन जाळीदार टोपल्या एकीवर एक उपडी ठेवून सुतळीने घट्ट बांधल्या की काम होते.

घरी आणल्यावर ती झिंगलेली असते. तिला पलंगावर किंवा माळ्यावर ठेवू नये, पडेल. जमिनीवर जुन्या गोधडीत, उबेला, पोरांच्या गोंगाटापासून दूर ठेवावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला घालू नये. दहा ते चौदा दिवस उड्या मारू देऊ नये, अंघोळ घालू नये आणि जखम चाटू देऊ नये. गळ्यातला पट्टा तिला आवडत नाही म्हणून दया येऊन काढू नये. जखमेवर हळद, तेल, राख असे काही लावू नये. दुसरा दिवस उलटूनही ती काही खात नसेल, टाके उसवले, सूज वाढली, रक्त आले किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर थांबू नये. तडक दवाखाना गाठावा.

आणि ही गोष्ट तर भिंतीवर लिहून ठेवावी : मांजरीला क्रोसिन किंवा पॅरासिटामॉलची कोणतीही गोळी देऊ नये. आपल्या डोकेदुखीवरची ती एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. डेटॉल आणि फिनेल हेही मांजरीला विषारी. फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवरून ती चालते, मग पंजे चाटते आणि ते पोटात जाते. लादी वाळेपर्यंत तिला बाजूला ठेवावे.

मनातल्या शंका

नसबंदी हा शब्द ऐकला की आमच्या जुन्या पिढीला १९७५ ते १९७७ ची आणीबाणी आठवते. तेव्हा गरिबांना धरधरून नेले गेले, ही आठवण पुसलेली नाही. त्यामुळे या शब्दाबद्दलच मनात अढी आहे. पण माणसाला आपल्या शरीराचा निर्णय घेता येतो आणि त्याच्या हाती दुसरे उपाय असतात. मांजरीला यातले काहीच नाही. तिला आपण दाराशी घेतली, तेव्हा तिच्या वतीने विचार करण्याची जबाबदारीही आपण घेतली.

काही वडीलधारी मंडळी विचारतात, हे आपल्या पहिल्या शीलात बसते काय? त्यांचा प्रश्न मनापासूनचा आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, वेळेवर केलेल्या ऑपरेशनने कोणाचा प्राण जात नाही. भूल दिलेली असते आणि वेदनेवर औषध असते. प्राण जातो तो पिशवीत बांधून नाल्याकाठी सोडलेल्या पिल्लांचा. शीलाचा विचार करायचा तर आधी त्या पिशवीचा करावा.

ऑपरेशनने मांजर आळशी होते आणि उंदीर पकडत नाही, ही भीतीही खरी नाही. शिकार करण्याची सवय माजावर अवलंबून नसते. मात्र ऑपरेशननंतर भूक वाढते आणि अंग धरते. तेव्हा खाणे थोडे बेताने घालावे, त्यातही चार पैसे वाचतील. तिला रेबीजची लस टोचून घ्यायची राहिली असेल तर कधी घ्यायची, हेही त्याच खेपेला डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एकट्याने नव्हे, मजल्याने

शेवटी पैशाचा प्रश्न उरतो. एका घराला काही हजार एकदम काढणे जड आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण मांजर एका घराची नसते आणि तिच्या पिल्लांचा त्रासही एका घराला होत नाही. मग खर्च मात्र ज्या बाईने दया येऊन पहिली बशी ठेवली तिच्याच माथी का? ती बिचारी पिल्लांसाठी आधीच बोलणी खात असते. उंदीर कमी झाल्याचा फायदा साऱ्या मजल्याला आणि खर्च एकटीला, हा न्याय नव्हे.

आमच्या बायकांना भिशी नवी नाही. बचत गट नवे नाहीत. समजा वीस खोल्यांनी महिन्याला पन्नास रुपये बाजूला काढले तर महिन्याला हजार झाले, सहा महिन्यांत सहा हजार. एवढ्यात दर पाहून, संस्थेची मदत घेऊन, मजल्यावरच्या दोन-तीन माद्यांचे काम होऊ शकते. चार-पाच मांजरी एकदम आणतो म्हटल्यावर काही ठिकाणी दरही कमी करून देतात, निदान विचारता येते. एका टेम्पोत सगळ्या जातात आणि पाच जणींचे रोज बुडण्याऐवजी एकीचाच बुडतो. ज्याला पन्नास जड आहेत त्याने वीस द्यावेत. ज्याला तेही जमत नाही, त्याने दहा दिवस आपल्या खोलीत मांजर सांभाळावी. तीही वर्गणीच आहे. पैसे कोणी दिले, किती दिले आणि कुठे खर्च झाले, ते जिन्यातल्या फळ्यावर लिहावे, म्हणजे कुरबूर राहत नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर उंदरांची सभा भरली आणि बोलून बोलून उठली, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. आपल्या मजल्यावरची सभा तशी होऊ नये. या रविवारी मंडळाच्या बायकांनी बसावे. मजल्यावर माद्या किती, त्यांत पाच महिन्यांच्या आतल्या किती आणि गाभण किती, ते मोजावे. दोघींनी तीन ठिकाणी जाऊन दर विचारून यावेत आणि फळ्यावर लिहावेत. सर्वात लहान मादीपासून सुरुवात करावी, कारण तिचे काम सोपे आणि तिच्या आयुष्यातली सगळीच वेते टळणारी. एक ऑपरेशन झाले, मांजर परत येऊन दाराशी उन्हाला बसली, की दुसऱ्याला पैसे मागावे लागणार नाहीत. लोक आपणहून देतील.

आणि ज्या मुलाला दरसाल पिशवी घेऊन पाठवता, त्याच्याकडे या वेळी त्या बांधलेल्या टोपल्या द्या आणि दवाखान्यात सोबत न्या. केसपेपर त्यालाच काढू द्या. घरातल्या दुबळ्या जिवाची सोय कशी लावायची, हे तो तिथे शिकेल.